चार जीबीच्या लॅपटॉपवर फेझर: ‘पंगत’ नावाच्या खेळाच्या निमित्ताने

फेझर म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारे खेळ बनवायचं इंजिन. ते फुकट आहे म्हणून घेऊ नका. फुकट तर गोडो, जीडेव्हलप ही खेळांची दुसरी इंजिनंही आहेत. फेझर घ्यायचं ते वजनासाठी. सगळं इंजिन म्हणजे जावास्क्रिप्टची एक फाइल, मिनिफाय केलेली (म्हणजे कोडमधल्या फालतू मोकळ्या जागा काढून आटवलेली) साधारण एक-सव्वा एमबीची, आणि सर्व्हरवरून येताना झिप होऊन ती आणखी लहान होते. ज्याचा खेळ कुणीतरी पाथरीच्या एसटीत बसून, एक कांडी रेंजवर उघडणार आहे, त्याने बाकीचे गुण नंतर मोजावेत.

मी सेलूची. शिक्षण बी.कॉम., दिवसा घरच्या कृषी सेवा केंद्रात बिलिंग आणि स्टॉक. पेरणीच्या तोंडावर दुकानात पाय ठेवायला जागा नसते. एकदा सोयाबीनच्या बॅगा संपल्या की दुपारी माशा मारायच्या. त्या दुपारींत कोडिंग शिकले. लॅपटॉप परभणीहून आणलेला जुना, आय-थ्री, चार जीबी रॅम, बॅटरी नावाला. क्लासची चौकशी केली होती. एका ठिकाणी ‘गेम डेव्हलपमेंट’ या पाटीखाली फोटोशॉप शिकवणार होते. फी ऐकून अप्पा म्हणाले, “एवढ्यात म्हैस येते गं.” विषय तिथेच संपला.

अप्पांची खरी काळजी वेगळीच होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा टीव्हीवर दिवसभर तेच. जेवताना म्हणाले, “तू रातभर गेम करायलीस म्हणजे ते रमीचं तर नाही ना काही?” मग त्यांना मोबाइलवर खेळ उघडून दिला. पहिल्याच फेरीत त्यांनी वरण सांडलं, आणि वाढप्याला चालताच येत नाही अशी तक्रार केली.

खेळाचं नाव ‘पंगत’. सप्ताहाचा काला झालाय, देवळासमोर दोन रांगा बसल्यात, मधल्या वाटेने तुम्ही बादली घेऊन वाढत जायचं. पत्रावळीवरचं संपत आलं की माणूस मान वर करून बघतो. वेळेत पोचला नाहीत तर तो शेजारच्याशी तुमच्याबद्दल बोलायला लागतो आणि राग रांगेत पुढे सरकतो. कुणी पत्रावळीवर आडवा हात धरतो. त्यातले काही खरंच नको म्हणणारे, काही आग्रहाची वाट बघणारे. ते ओळखायला चेहऱ्याची एक फ्रेम वेगळी काढलीय. बुंदी शेवटी. आधी वाढलीत तर महाराज उठून जातात.

एवढ्या खेळाला फेझरमधलं ‘आर्केड’ भौतिकशास्त्र पुरून उरतं. त्यात वस्तूंना फक्त चौकोन किंवा गोल असा आकार देता येतो. वाढपी चौकोन, पत्रावळ गोल, टक्कर झाली की वरण. तिरक्या पाट्या, लोळण घेणारे दगड असं काही हवं असेल तर मॅटर नावाचं दुसरं इंजिन आतच दिलेलं आहे. जुन्या लॅपटॉपवर त्याच्या वाटेला जाऊ नये. रचना सरळ आहे. प्रत्येक प्रसंगाला तीन खोल्या: प्रीलोडमध्ये चित्रं-आवाज आणायचे, क्रिएटमध्ये मांडायचे, अपडेट दर फ्रेमला चालतं. ज्याला टॅलीत व्हाउचर कळतं त्याला हे कळेल.

बसवायला काही नाही. फाइल उतरवा, फोल्डरमध्ये टाका, इंडेक्स पानात एका ओळीत तिचं नाव लिहा. एनपीएम, वेबपॅक वगैरे शब्द ऐकून घाबरलेल्यांनी ते पहिलं वर्षभर विसरावेत. नेट गेलं तरी काम थांबत नाही, आणि आमच्याकडे ते जातंच. मात्र पान डबल-क्लिक करून उघडलं तर काळा पडदा दिसतो, कारण सरळ फाइल म्हणून उघडलेल्या पानाला ब्राउझर चित्रं वाचू देत नाही. कोड लिहायच्या व्हीएस कोड या एडिटरमध्ये लाइव्ह सर्व्हर नावाचं एक्स्टेन्शन टाकलं की तो प्रश्न मिटतो. चार जीबीत व्हीएस कोड आणि क्रोम एकत्र चालतात, फक्त यूट्यूबचा टॅब बंद ठेवायचा.

आता मराठीचं. इंग्रजी परीक्षणांत हे मला कुठे सापडलं नाही, म्हणून जरा सविस्तर.

फेझरचा साधा टेक्स्ट कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरच्या चित्र काढायच्या पाटीवर, लिहिला जातो, म्हणजे अक्षरं जुळवायचं काम ब्राउझरच करतो. त्यामुळे ‘पत्रावळ्या’, ‘आग्रह’, ‘श्रीखंड’ सगळं नीट उमटतं, पहिली वेलांटी योग्य बाजूला बसते. ज्यांनी जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरांत तुटलेली जोडाक्षरं पाहिलीत त्यांना याची किंमत कळेल. पण ओळीची उंची मोजताना फेझर आतल्या आत रोमन अक्षरांची एक नमुना-ओळ वापरतं. आपला रफार, त्यावरचा अनुस्वार, खालचा उकार त्या मापात बसेलच असं नाही. ‘सर्वांनी बसून घ्या’ लिहिलं तर डोक्यावरचं चिन्ह अर्धं कापलं जाऊ शकतं. उपाय दोन: टेक्स्टला वर-खाली पॅडिंग, म्हणजे मोकळी जागा, द्या, किंवा नमुना-ओळच बदलून ‘र्कीं कू’ असं काहीतरी द्या. मी दोन्ही करते.

फॉन्ट मुक्ता वापरला, मुंबईच्या एक टाइपचा, मोफत परवान्याचा. टेक्स्ट तयार होण्याआधी फॉन्ट उतरलेला असला पाहिजे, नाहीतर पहिला पडदा फोनच्या स्वतःच्या फॉन्टात येतो आणि तसाच राहतो. ब्राउझरची फॉन्ट लोड करायची सोय आहे, ती पूर्ण झाल्यावरच खेळ सुरू करा.

पात्रांचं बोलणं एकेक अक्षर करत उमटवायची हौस सगळ्यांनाच असते. इंग्रजीसाठी लिहिलेला तो कोड मराठीला तसाच लावला तर ‘क्ष’ उमटताना आधी ‘क’, मग पाय मोडलेला ‘क्’, मग ‘क्ष’ असा तमाशा होतो, कारण संगणकाच्या लेखी ती तीन वेगळी चिन्हं आहेत. जावास्क्रिप्टमध्ये यासाठी सेगमेंटर आहे, तो आताच्या ब्राउझरांत अक्षरं आपण वाचतो तशी तोडून देतो. इंजिनात ही सोय आयती नाही. काही ओळींचं काम आहे, पण ते करावं लागतं हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं.

गुणांच्या आकड्यांचं वेगळं. टेक्स्ट बदलला की फेझर त्याचं चित्र नव्याने रंगवून ग्राफिक्सकडे पाठवतं. दर फ्रेमला गुण बदलत ठेवले तर स्वस्तातला फोन दमतो. त्यासाठी बिटमॅप टेक्स्ट असतो, म्हणजे अक्षरांची आधीच काढून ठेवलेली चित्रं. त्यात काना-मात्रा जुळत नाहीत, म्हणून मराठी वाक्याला तो निरुपयोगी. पण ० ते ९ ला कुठली मात्रा लागते? दहा आकडे पिस्केल या पिक्सेल-चित्रं काढायच्या साधनात काढले आणि गुणांचा फलक देवनागरीतच राहिला.

चित्रांबद्दल दोन ओळी. केनी या नावाने खेळांसाठी मोफत मिळणारी सीसी-झिरो परवान्याची चित्रं वापरायला परवानगीही लागत नाही आणि नावही द्यावं लागत नाही. त्यांत अंतराळयान आहे, किल्ला आहे, पिझ्झा आहे. पत्रावळ नाही. ती मी काढली, आणि पानं टोचलेल्या काड्यांसकट काढली.

फोनवर चाचणी घेताना मी फोनचाच हॉटस्पॉट लॅपटॉपला देते आणि लॅपटॉपचा पत्ता फोनच्या क्रोममध्ये टाकते. खेळ फोनवर उघडतो, आणि त्या फाइली इंटरनेटवरून फिरून येत नाहीत. इथे फेझरच्या तीन गोष्टी माहीत हव्यात. एक, मुळात ते एकाच बोटाचा स्पर्श धरतं. डाव्या अंगठ्याने चालणं आणि उजव्याने वाढणं हवं असेल तर दुसरा पॉइंटर आपण जोडायचा. दोन, हल्ली बजेट फोनलाही ९० किंवा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या फ्रेम दाखवणारा, पडदा असतो. वाढप्याला दर फ्रेमला ठरावीक पिक्सेल सरकवलं तर नव्या फोनवर तो पळत सुटतो. अपडेटला मिळणारा डेल्टा (मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ) वापरा, किंवा आर्केडचा वेग वापरा, तो हे सांभाळतो. तीन, आवाज. २०१८ पासून क्रोम पडद्याला हात लागल्याशिवाय आवाज वाजू देत नाही. फेझर पहिल्या स्पर्शाची वाट बघून आवाजाचं कुलूप आपोआप उघडतं, त्यामुळे सुरुवातीला एक बटण ठेवायचं एवढंच. माझ्या बटणावर ‘बसा पंगतीला’ लिहिलंय. दाबलं की मृदंग.

तारे कापायचे ते शिकण्याच्या साहित्यावरून. रिचर्ड डेव्ही यांनी फेझर २०१३ मध्ये आणलं, आणि फेब्रुवारी २०१८ ची तिसरी आवृत्ती जवळपास नव्याने लिहिलेली आहे. जुने धडे मात्र इंटरनेटवर तसेच पडून आहेत. एमडीएन या मोझिलाच्या वेब शिकवणाऱ्या साइटवरचा विटा फोडायच्या खेळाचा धडा इतका छान समजावलेला आहे की नवशिका तिथेच जातो, आणि तो बरीच वर्षं दुसऱ्या आवृत्तीचाच होता. ओळखायची खूण सांगते: कोडमध्ये ‘गेम डॉट ॲड’ दिसलं तर जुनं, ‘धिस डॉट ॲड’ दिसलं तर नवं. फेझरच्या स्वतःच्या संकेतस्थळावर हजारावर चालती उदाहरणं आहेत, कोड बदलून तिथेच पाहता येतात. माझी खरी शाळा तीच. पण ती उदाहरणं ‘काय’ दाखवतात, ‘का’ सांगत नाहीत. मराठीत काही शोधूच नका.

गोडोशी तुलना विचारणारे असतातच. ते मोठं इंजिन आहे, दृश्यं माउसने मांडता येतात, फेझरमध्ये सगळं लिहूनच. पण ब्राउझरसाठी खेळ बाहेर काढला की आधी इंजिनाचीच वेबअसेम्ब्ली फाइल (ब्राउझरमध्ये चालणारं तयार यंत्र-कोडचं गाठोडं) उतरते, आणि ती फेझरच्या कित्येक पट जड. मार्च २०२३ ची ४.० आली तेव्हा वेबवरच्या खेळासाठी सर्व्हरने पानासोबत खास हेडर, म्हणजे ब्राउझरसाठीच्या सूचना, पाठवावे लागत; ऑगस्ट २०२४ च्या ४.३ ने ती अट काढायची सोय दिली. वजन राहिलं. थ्रीडी करायचंय तर खुशाल गोडो घ्या.

खेळ ठेवायला इच डॉट आयओ. इंडेक्स पान आत असलेली झिप चढवली की झालं. मर्यादा ऐसपैस: उघडल्यावर एक हजार फाइली, एकूण ५०० एमबी. ‘पंगत’ त्याच्या कोपऱ्यातही दिसत नाही. एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा असा: तिथे फाइलींच्या नावातलं लहान-मोठं इंग्रजी अक्षर वेगळं धरलं जातं, विंडोजवर धरलं जात नाही. घरी चालणारा खेळ तिथे न चालण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. सगळी नावं लहान अक्षरांतच ठेवा.

पैशांचा हिशोब त्यांनी उघड ठेवलाय. विक्रीतला त्यांचा वाटा आपणच ठरवायचा, शून्यही चालतो. न बदलल्यास १० टक्के. मी दहाच ठेवलाय, फुकटात जागा देतात म्हणून. पैसे येतात ते पेपॅल किंवा कार्डाने. आमच्या भागातला माणूस खेळ आवडला तर “नंबर दे, फोनपे करतो” म्हणतो, तो तिथे काय करणार? म्हणून किंमत ‘हवी ती द्या’ ठेवली आणि लिंक लग्नाच्या, सप्ताहाच्या, दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकली. जे काही थोडे डॉलर आलेत ते गाव सोडून परदेशात गेलेल्यांचे; त्यातल्या एकाने लिहिलं की बुंदीनंतर मठ्ठा राहिलाय. पुढच्या आवृत्तीत येईल.

तारे: फेझरला पाचपैकी चार, इचला साडेतीन. फेझरपेक्षा अर्धा कमी, तो नवा खेळ तिथे ढिगाखाली जातो म्हणून. आपले खेळाडू आपणच आणायचे.

आणि एका ठिकाणी फेझर घेऊन जाऊ नका: जेएस-थर्टीन-के. २०१२ पासून दरवर्षी १३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर ही स्पर्धा चालते, आणि सगळा खेळ झिप करून १३ केबीत बसवायचा असतो, म्हणजे १३,३१२ बाइट. तिथे फेझर दारातच अडतं. ऑगस्टमध्ये आमच्याकडे फवारणीच्या औषधांची गर्दी असते, पण या वेळी कोरं जावास्क्रिप्ट घेऊन उतरायचं ठरवलंय. वाढपी राहील, रांग एकच करावी लागेल, आणि मुक्ता फॉन्टला रजा.