मुंबईचे डबेवाले: चाकरमान्यांची सकाळ हलकी करणारी सेवा

नोकरी आणि घर यांचा मेळ घालण्याविषयी पुष्कळ सल्ले दिले जातात, परंतु बोरिवलीहून चर्चगेटला रोज ये-जा करणाऱ्या घराची खरी ओढाताण पहाटे स्वयंपाकघरात होते. साडेसातची लोकल गाठायची असेल, तर साडेपाचला कणीक मळून पोळ्या लाटाव्या लागतात आणि डब्यात बंद झालेल्या त्याच पोळ्या दुपारपर्यंत चिवट होतात. डबेवाल्यांची सेवा सुरू केल्यापासून आमच्या घरातील हे वेळापत्रक पुरते बदलले. आता मी कामावर निघते तेव्हा भाजी चिरलेलीही नसते. सासूबाई आठनंतर निवांतपणे स्वयंपाकाला लागतात, नवाच्या सुमारास डबेवाले काका दारात येतात आणि फोर्टमधील कार्यालयात मला जेवणाच्या सुट्टीत घडीची मऊ पोळी व कोमट आमटी मिळते. पहाटेची झोप आणि मुलाबरोबर बसून घेतलेला चहा हा मला या सेवेचा सर्वांत मोठा लाभ वाटतो. जेवणाची चव मी त्यानंतर मोजते.

या कामाची सुरुवात १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी केली. आजही डबेवाले प्रामुख्याने मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या पट्ट्यातून आलेले असतात. माझ्या डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली खूण मी एकदा काकांकडून नीट समजून घेतली: मधला ठळक आकडा डबा कोणत्या भागात उतरवायचा ते सांगतो, त्याच्या एका बाजूची अक्षरे डबा कुठून निघाला ते दर्शवतात आणि दुसऱ्या बाजूच्या खुणेवरून पोचवणारा माणूस, इमारत व मजला कळतो. पूर्ण पत्ता कुठेही नसतो. सायकलवरून स्टेशनवर आलेले डबे तेथे वेगळे केले जातात, लोकलच्या मालडब्यातून पुढे जातात, उतरल्यावर त्यांची पुन्हा विभागणी होते आणि इतक्या हातांतून गेलेला माझा डबा नेमका माझ्याच मजल्यावर येतो. दुपारी रिकामा डबा त्याच वाटेने घरी परततो, त्यामुळे संध्याकाळच्या गर्दीत खांद्यावर एक ओझे कमी असते. ज्यांनी सहाची लोकल पाहिली आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र ही सेवा घरी स्वयंपाक करणारे कोणीतरी आहे असे धरून चालते आणि ते कोणीतरी बहुधा बाईच असते. माझी सकाळ मोकळी झाली, तरी सासूबाईंची सकाळ नऊच्या ठोक्याला बांधली गेली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. म्हणून त्यांच्या सोयीने आठवड्यातून एखादा दिवस आम्ही डबा बंद ठेवतो आणि रात्रीच्या स्वयंपाकाचा भार मी व नवरा उचलतो. ही वाटणी केली नाही, तर एकाचा ताण दुसऱ्याच्या अंगावर ढकलल्यासारखे होईल. दोघेही नोकरी करणाऱ्यांनी जवळच्या एखाद्या घरगुती खाणावळीशी बोलून घ्यावे. डबेवाले तेथूनही डबा उचलतात.

डबा वेळेवर भरून तयार ठेवणे ही आपली जबाबदारी आहे, कारण दारात थांबावे लागल्याने त्यांची एक लोकल चुकली तर पुढच्या सगळ्याच डब्यांना उशीर होतो. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्यावर हा व्यवसाय ठप्प झाला आणि त्यानंतर अनेकांनी हे काम सोडले, म्हणून आपल्या भागात सेवा चालू आहे का, याची चौकशी सकाळी स्टेशनवर डब्यांची विभागणी करणाऱ्यांकडे किंवा त्यांच्या मुकादमाकडे करावी. सेवेचे पैसे महिन्याच्या हिशेबाने द्यायचे असतात आणि ते अंतरानुसार ठरतात. रविवारी सुट्टी असते, गावच्या जत्रेसाठी एप्रिलमध्ये काही दिवस सेवा बंद राहते आणि दिवाळीला एका महिन्याचे जास्तीचे पैसे देण्याची रीत आहे. ती रक्कम वर्षाच्या खर्चात आधीच धरून ठेवावी.