आयुष्य वाढवणाऱ्या कॅप्सूल: तीन महिन्यांच्या वापरानंतर

वार्धक्य लांबवण्याचा आणि प्रतिकारशक्ती टिकवण्याचा दावा करणाऱ्या या कॅप्सूल मी तीन महिने नियमाने घेतल्या. डबीवर एनएमएन (ब-३ जीवनसत्त्वाशी संबंधित संयुग), रेस्व्हेराट्रॉल (द्राक्षांच्या सालीत आढळणारे द्रव्य) आणि जस्त ही नावे ठळक अक्षरांत असली, तरी मागच्या बाजूला, भिंग घेऊन वाचावे लागेल अशा टायपात, ‘संयुक्त मिश्रण ६०० मिलिग्रॅम’ एवढेच छापलेले आहे. कोणता घटक किती, याचा पत्ता नाही. एनएमएनपासून शरीर एनएडी, म्हणजे पेशींना ऊर्जानिर्मितीसाठी लागणारा रेणू, तयार करते आणि रक्तातील त्याची पातळी वाढते, हे मानवी चाचण्यांत दिसले आहे. परंतु त्यामुळे माणसाचे आयुष्य वाढते, असे कोणी सिद्ध केलेले नाही. रेस्व्हेराट्रॉलने तर सामान्य आहारावरील उंदरांचेही आयुर्मान वाढवले नाही.

सर्वांत खटकला तो माहितीपत्रकातील रॅपामायसिनचा उल्लेख. ईस्टर बेटाच्या मातीतील जिवाणूपासून मिळालेल्या या औषधाने, ते उतारवयात सुरू करूनही, उंदरांचे आयुष्य वाढल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच जातकुळीच्या एव्हरोलिमसने ज्येष्ठांचा फ्लूच्या लशीला मिळणारा प्रतिसाद सुमारे २० टक्क्यांनी सुधारल्याचे २०१४ मध्ये. पण ही अवयवप्रत्यारोपणात वापरली जाणारी, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची औषधे; या डबीत ती नाहीतच, मग त्यांचे यश तिच्या नावावर कसे जमा होते?

झोप, सर्दी, थकवा यांत मला काडीचाही फरक जाणवला नाही; रिकाम्या पोटी घेतल्यावर मळमळ मात्र हमखास झाली, बहुधा जस्तामुळे. डबीचे झाकण तेवढे उत्तम आहे. पुन्हा मागवणार नाही.