कोळंबीच्या गालातला बोपायरिड बघायला घेतलेला स्टिरिओ मायक्रोस्कोप

रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला माझी नेहमीची मासळीवाली मावशी आहे. कोळंबी निवडताना एखादीचा एकच गाल फुगलेला दिसला, की ती वेगळी काढून ठेवते. "बाई, तुमची सुजकी गावली." त्या सुजेत बोपायरिड असतो, कोळंबीचं रक्त पिऊन जगणारा आयसोपॉड, म्हणजे कोळंबीच्याच कवचधारी गोतावळ्यातला एक छोटा प्राणी. 26 वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, पण हा प्राणी मुलांना मी फक्त फळ्यावर दाखवला. कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपखाली एवढा जाड प्राणी मावतच नाही. निवृत्त झाल्यावर अंबाल्याच्या एका कंपनीचा 20 आणि 40 पटींचा स्टिरिओ मायक्रोस्कोप मागवला, साडेनऊ हजारांना. चार महिने रोज वापरते आहे.

सगळ्यात मोठं सुख म्हणजे भिंगाखालची मोकळी जागा. चार बोटं सहज जातात, त्यामुळे बशीत कोळंबी ठेवून चिमटा आणि सुई दोन्ही चालवता येतात. प्रतिमा सुलटी दिसते, सुई डावीकडे नेली की डावीकडेच जाते. पहिल्या दिवशी कल्ल्यांवरचं झाकण उचललं तर मादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटूनच वर आली. एका बाजूला वाकडी वाढलेली, पिवळसर, डोळे नाहीत. 20 पटींवर पायांचे आकडे दिसले, अस्तरात रुतलेले. पोटाखाली पातळ पापुद्र्यांची पिशवी, अंड्यांनी गच्च भरलेली. शेपटाकडे मात्र दोन-तीन मिलिमीटरचा नर, सरळ, नीट खंडाखंडांचा, सात जोड्या पायांनी तिला धरून बसलेला. जे पिल्लू कोळंबीवर आधी पोहोचतो त्याची मादी होते, मागून येणाऱ्याचा नर, हे किती वर्षं सांगत आले! तो नर हलताना बघितला आणि मी थोडा वेळ डोळे भिंगावरून काढलेच नाहीत.

40 पटींवर तोंड. चावायचे जबडे नाहीत. ओठांचा एक शंकू आणि त्यात सुयांसारखे दोन जबडे. टोचायचं आणि ओढायचं, एवढ्यासाठीच घडलेलं. इथे मात्र यंत्र कमी पडतं. शंकूचं टोक स्पष्ट केलं की बूड धूसर होतं, सारखी खालीवर चकती फिरवावी लागते.

शोभेच्या माशांना घालतात ते गोठवलेलं क्रिलही, म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा छोटा समुद्री जीव, आणून बघितलं. आपल्याकडे कोणी त्याला जवळाच म्हणेल, पण कूळ वेगळं. भिंगाखाली फरक लगेच कळतो: क्रिलचे कल्ले कवचाखाली झाकलेले नसतात, पायांच्या बुडाशी पिसांसारखे उघडे लोंबतात. म्हणजे कोळंबीत मिळते तशी लपायची खोली तिथे नाहीच. क्रिलवर राहणारे डाजिड हे बोपायरिडचे जवळचे नातलग, पण ते उघड्यावर, अंगाला बाहेरून चिकटतात. त्यांच्या मादीचे खंड एकमेकांत मिसळलेले आणि पायांच्या पाचच जोड्या, त्याही तोंडाभोवती गोळा झालेल्या. जिथे प्यायचं तिथेच घट्ट धरायचं. माझ्या पाकिटात डाजिड निघाला नाही, पण ते पाय तसे का असतात हे मला ते उघडे कल्ले बघून समजलं.

क्रिलच्या पाठीवर उगवणाऱ्या थॅलॅसोमायसिस या दुसऱ्या परजीवीसाठी मात्र हा मायक्रोस्कोप पुरणार नाही. त्याचे फाटे आणि मण्यांच्या माळा बाहेर असतात, तेवढ्या दिसतील. क्रिलच्या अंगात शिरलेलं मूळ, ज्यातून तो अन्न ओढतो आणि क्रिलला वांझ करतो, ते बघायला पातळ काप आणि मोठ्या पटींचा साधा मायक्रोस्कोपच हवा.

तक्रारी दोन. खालची तबकडी फक्त पांढरी दिली. फिकट प्राण्याला काळी पार्श्वभूमी लागते. मी काळा कार्डपेपर गोल कापून बशीखाली सरकवते. दुसरी गंभीर: मानेचा स्क्रू दोन महिन्यांत ढिला झाला आणि भिंगाचा भाग हळूहळू खाली घसरू लागला. कंपनीला तीनदा फोन केले, उत्तर तीन आठवड्यांनी आलं, स्क्रू त्याहून उशिरा. तोवर मी मानेखाली लाकडी ठोकळा लावून काम केलं. लहान मुलांच्या हाती द्यायचा असेल तर हा स्क्रू आल्याआल्या तपासा.

दिव्याचा प्रकाश थंड आहे, म्हणून जिवंत नर वाळत नाही. फक्त बशीत समुद्राचं पाणी घाला, नळाचं नको.