आइल रॉयलला जायचं: बोटीनं की पाण्यावरच्या विमानानं?

पोरं अमेरिकेत मिशिगनला असलेले बेळगावच्या टिळकवाडीतले शेजारी हटकून विचारतात, सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल या जंगली बेटावर जायचं कसं? पूल नाही, बेटावर गाड्याही नाहीत.

विमान तासाच्या आत पोचवतं, पण धुकं आलं की बसा! आम्ही दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन अख्खा दिवस काठावर बसलो होतो. स्टोव्हचं इंधनही विमानात नेऊ देत नाहीत.

मिशिगनच्या हॉटन गावाहून 'रेंजर थ्री' बोटीला सहा तास लागतात, तिथल्याच कॉपर हार्बरहून दुसऱ्या बोटीला जवळपास निम्मे. लाटा थेट समुद्रासारख्या, पोट ढवळतं. आलेपाक खिशात हवाच. तरी माझं मत बोटीलाच. बेट हळूहळू जवळ येतं, ओल्या झाडांचा वास आधी येतो. पावसाळ्यातल्या भीमगडच्या जंगलाची आठवण झाली, फक्त जळवा नव्हत्या. मग दिसला मूस, म्हणजे तिकडचं थोराड हरीण, म्हशीहून उंच, गुडघाभर पाण्यात, तोंडातून शेवाळ ओघळतंय. लांडगे मात्र दिसले नाहीत. १९५८ पासून या दोघांचा अभ्यास तिथं चालू आहे.

दिवाळीचा बेत असेल तर तारीख बघा. १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बेट बंद असतं.