कोटेशनचा तक्ता झकास, पण वजन कोण मोजणार?

शेडच्या ड्रॉइंगबरोबर कन्सल्टंटकडून हा एक्सेलचा तक्ता विकत घेतला. विकत, हे मुद्दाम सांगतो. फुकट मिळाला असता तर एवढं लिहायच्या भानगडीत पडलो नसतो. सगळ्या फॅब्रिकेटरना, म्हणजे लोखंडी सांगाडा बनवून उभारणाऱ्यांना, एकच कोरा तक्ता पाठवायचा, त्यांनी दर भरून द्यायचे, आपण शेजारी शेजारी लावून बघायचे. शिरोली एमआयडीसीतली आमची शेड वाढवायला वापरला. शेवटच्या बिलावरून फॅब्रिकेटरशी जी जुंपली, त्यानंतर हे लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. तक्ता नसताना कोटेशन कसं येतं ते ठाऊकच आहे. व्हॉट्सॲपवर एक ओळ, किलोला इतके, मालसहित. पहिल्या फेरीत आम्हालाही तसेच आले. एकाचा दर 88, दुसऱ्याचा 97, तिसऱ्याचा 112. घरात सगळे म्हणाले, 88 वाला धरा. तक्ता भरून घेतल्यावर कळलं की 88 मध्ये जीएसटी नाही, हायड्रा (उचलायची क्रेन) आमची, पायात बसवायचे अँकर बोल्ट आमचे, आणि रंग म्हणजे रेड ऑक्साइडचा एक हात. शेडवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, त्यामुळे ते 18 टक्के सरळ खिशातून. तो 103.84 वर गेला, वरचा खर्च वेगळाच. 97 वाला 114.46 झाला. 112 वाल्याचं मात्र सगळं आत होतं. काम त्याला दिलं. इथपर्यंत तक्त्याचे पैसे वसूल.

माशी शिंकली ती वजनाच्या रकान्यात. तक्त्यात वजनाचा रकाना आहे, पण कोरा. ज्याने त्याने आपापलं वजन भरायचं! आणि ते कसं मोजायचं याबद्दल एक अक्षर नाही. ड्रॉइंगवरून आमचा हिशेब 14.2 टन. बिल आलं 15.6 टनाचं. फरक 1,400 किलो, गुणिले 112, म्हणजे 1,56,800 रुपये. त्या रकमेला चांगलं वापरलेलं वेल्डिंग मशीन येतं.

'मालक, काट्याची पावती आहे,' हे त्याचं पालुपद. पावती होतीच, पण ती बाजारातून आलेल्या कच्च्या मालाची. त्यातून कापून उरलेले तुकडे त्याच्याच टेम्पोतून परत गेले, ते कोणत्या काट्यावर चढले?

मग बसून एकेक ओळ तपासली. एमबी 200, म्हणजे 200 मिमी उंचीची आय आकाराची तुळई, तिचं वजन त्याने मीटरला 25.4 किलो धरलेलं, आम्ही 24.2. दोन्ही आकडे छापील आहेत. 25.4 हा 1964 च्या जुन्या हँडबुकातला, 24.2 हा आयएस 808 या भारतीय मानकाच्या 1989 च्या आवृत्तीतला. गंमत म्हणजे एमबी 300 ला उलटं आहे, जुन्यात 44.2 आणि नव्यात 46. हा पठ्ठ्या तिथे बरोबर नवा आकडा धरून बसला होता. मग गसेट, म्हणजे सांध्यावर जोडायची प्लेट. 300 बाय 300 चा, 8 मिमीचा त्रिकोणी तुकडा त्याने अख्खा चौकोन धरून 5.65 किलो लावला. प्रत्यक्ष त्रिकोण 2.83 चा. प्लेटचा हिशेब सोपा आहे, एका चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे 7.85 किलो. पण चौकोन की त्रिकोण हे कुणीतरी आधी लिहायला नको?

कन्सल्टंटला फोन केला. म्हणाले, 'ते गृहीत असतं हो.' आयएस 1200 चा भाग 8 हा पोलादी कामाच्या मोजमापासाठीच आहे. 'मोजमाप त्यानुसार' एवढी एक ओळ तक्त्यात टाकायला काय झालं होतं? शेवटी फरक निम्मा-निम्मा वाटून घेतला. तोंडं अजून वाकडी आहेत.

एवढं लिहून ठेवलं होतं, दोन तारे द्यायचे असंही ठरलं होतं. मध्येच मेझनिनचं (शेडच्या आतल्या पोटमाळ्याचं) काम निघालं, आणि मत थोडं हललं. या वेळी वजनाचा रकाना मीच भरून पाठवला, सगळ्यांना एकच. आकडा कोणत्या कोष्टकातला, गसेट प्रत्यक्ष मापाने, कटिंगचं भंगार फॅब्रिकेटरचं, बिल ड्रॉइंगच्या वजनावर, काटा फक्त पडताळणीला. दोघांनी फोन उचलणंच बंद केलं. एकाने दर तीन रुपयांनी चढवला, 'कटिंग माझ्या अंगावर येतं ना मालक' म्हणून. चढव बाबा. बिलात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

रंगाच्या ओळीवरही मी आधी हसलो होतो. ब्लास्टिंग (कणांच्या माऱ्याने गंज काढणं) एसए अडीच या दर्जाचं, कोटांची एकूण जाडी मायक्रॉनमध्ये, मोजणी मीटर लावून. एवढ्याशा शेडला कशाला हे चोचले? 112 वाल्याने ते खरंच केलं, हे मान्य करायला हवं. पावसाळ्यानंतर जुन्या भागात पर्लिनला (छताच्या पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांना) तांबूस पापुद्रे सुटलेत, नव्या भागात काही नाही.

'टाटा, सेल, जिंदाल किंवा समतुल्य' ही ओळ मात्र खोडा. समतुल्य लिहिलं की री-रोलिंगचा, म्हणजे जुनं पोलाद पुन्हा लाटून केलेला, माल आलाच समजा. त्याऐवजी पोलादाचं मानक आयएस 2062, ग्रेड ई250, आणि हीट नंबर (भट्टीतल्या घाण्याचा क्रमांक) जुळणारं टेस्ट सर्टिफिकेट मागा. कोटेशनची मुदतही लिहून घ्या. लोखंडाचा भाव बघून आठवड्यात शब्द फिरवणारे खूप.

साडेतीन तारे. तक्त्याची सुधारित आवृत्ती आली आहे म्हणे, तिचे वेगळे पैसे. त्यात वजनाची ओळ घातली असेल, तर पैसे त्यांनीच मला द्यावेत.