मेजवानीची देवी थालिया, लंडन मुक्कामी

थालिया म्हणजे ग्रीकांची सणासुदीची, मेजवान्यांची देवी. देवांचा राजा झ्यूस आणि समुद्रकन्या युरिनोमी यांची लेक. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये इटालियन शिल्पकार कानोव्हाच्या ‘थ्री ग्रेसेस’ (सौंदर्याच्या तीन देवी-बहिणी) या शिल्पात ती दोन बहिणींना बिलगून उभी आहे. प्रवेश मोफत, त्यामुळे घाई करू नका. मी स्वतः मातीकाम करते, माझी नजर हातांवरच खिळली. संगमरवरी बोटं अंगावर इतकी हलकी टेकलीत की खाली कातडीच असावी! तिघींत मिळून एकच वस्त्र, त्याच्या चुण्या तर बघतच राहाव्यात. शिल्पाभोवती फिरून मागची वेदी आणि फुलांच्या माळाही पाहा. मात्र १९९४ पासून शिल्पाची मालकी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलादालनांसोबत सामायिक आहे. ते कधी एडिनबरोला असतं. निघण्याआधी वेबसाइट तपासाच.