एक्स्टर्नल टीव्ही ट्युनर: दहा महिन्यांचा अनुभव, आणि त्या घूं आवाजाचा छडा

भाऊबीजेच्या संध्याकाळी आमचा ट्युनर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर टीव्ही दाखवणारा डबा, बंद पडला. मुलगा पुण्याहून आला होता, ऑफिसचं काम घरच्या कॉम्प्युटरवर करत बसला होता, तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. ज्यांच्याकडे हा डबा आहे त्यांना कारण लगेच कळेल. सीपीयूची वायर आधी ट्युनरमध्ये जाते आणि तिथून मॉनिटरला. डब्याची वीज गेली की टीव्ही तर जातोच, पण आमच्या मॉडेलमध्ये कॉम्प्युटरचं चित्रही पुढे जात नाही. मॉनिटरची वायर थेट सीपीयूला जोडली आणि त्याचं काम चालू झालं. आईंच्या सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या मात्र बुडाल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८१. हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच आहे.

डबा, ॲडॉप्टर आणि जपून ठेवलेलं बिल घेऊन साताऱ्यातल्या पोवई नाक्याकडच्या दुकानात गेले. बिलावर "एक वर्ष वॉरंटी" असं स्वच्छ लिहिलंय. दुकानदार म्हणाला, "काकू, वॉरंटी डब्याला. ॲडॉप्टरला नसते." मी म्हटलं, असं कुठे लिहिलंय ते दाखवा. तर म्हणे कंपनीचा नियम आहे, हवा तर डबा पुण्याला पाठवतो, तीन आठवडे लागतील, नाहीतर नवा ॲडॉप्टर ३५० रुपयांना घ्या. नियम आहे तर तो बिलावर छापायला नको का? गिऱ्हाईक घरी जाऊन दहा महिन्यांनी परत येतं तेव्हा त्याला नियम सांगायचा, हे मला अजिबात पटलेलं नाही. मी आपला डबा आणि जुनाच ॲडॉप्टर उचलला आणि परत आले.

आमच्या चिमणपुऱ्यात टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारे एक जण आहेत. त्यांनी नुसता ॲडॉप्टर मीटरवर धरला तर ५ व्होल्ट दाखवले. डबा जोडून पुन्हा धरला तर आकडा ३ च्या आसपास घसरला. आतला एक कपॅसिटर डोक्यावर फुगला होता. १००० मायक्रोफॅरॅड, १० व्होल्टचा होता, त्यांनी १६ व्होल्टचा बसवला. ६० रुपये घेतले. तेव्हा तुमचा डबा दिवा लुकलुकून बंद पडत असेल तर आधी ॲडॉप्टर लोडवर, म्हणजे डबा जोडलेला असताना, तपासून घ्या. आणि घरातला दुसरा ॲडॉप्टर पिन बसते म्हणून लावू नका. आमच्या डब्याला ५ व्होल्ट २ अँपिअर लागतात. ब्रॉडबँडच्या राउटरचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर त्याच भोकात जातो आणि तो लावला असता तर डबा जळला असता.

ही तक्रार लिहायलाच बसले होते. पण दहा महिन्यांचं सगळं आठवायला लागल्यावर ॲडॉप्टर मागे पडला आणि पुढे आला तो घूं आवाज. मी फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत त्याच्या मागे होते.

आधी थोडक्यात, हा डबा घेतलाच का ते. आईंची खोली लहान आहे, बाहेरच्या खोलीतला टीव्ही तिथे मावत नाही. मुलाचा जुना कॉम्प्युटर १७ इंची चौकोनी मॉनिटरसह त्याच खोलीत होता आणि वर्षातून चार वेळा लागत होता. नवा छोटा टीव्ही म्हणजे आठ-नऊ हजार. चालता मॉनिटर धूळ खात ठेवून नवा पडदा विकत घेणं मला जमत नाही. जानेवारीअखेर ट्युनर १४५० रुपयांना घेतला. मुलाकडे कॉलेजात असतानाचा यूएसबीचा ट्युनर होता, पण त्याला कॉम्प्युटर चालू लागतो, शिवाय ड्रायव्हर एक्सपीच्या काळातले, आताच्या विंडोजवर तो ओळखलाच जात नाही. एक्स्टर्नल डब्याला ड्रायव्हर नाही, सीपीयू चालू करायची गरज नाही. मॉनिटर, डबा आणि सेट टॉप बॉक्स मिळून ५० वॅटच्या आत काम होतं. रेकॉर्डिंग करता येत नाही, ते आम्हाला नकोच होतं.

एक गोष्ट मात्र दुकानात कोणी सांगत नाही. नावात ट्युनर असला तरी त्यातला ट्युनर आता जवळजवळ निरुपयोगी आहे. तो जुन्या ॲनालॉग सिग्नलसाठी बनलेला आहे. शहरांमधली केबल डिजिटल करायची मुदत ३१ डिसेंबर २०१५ ची होती, आणि दूरदर्शनने आपले जमिनीवरचे ॲनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत जवळजवळ सगळे बंद केले. अजिंक्यताऱ्यावरचा मनोरा आमच्या गच्चीवरून समोर दिसतो. त्याच्याकडे अँटेना वळवून मुंग्यांमधून चित्र शोधण्यात माझी लग्नानंतरची पहिली काही वर्षं गेली. आज डब्यात चॅनल शोधायला लावले तर पहिल्यापासून शेवटपर्यंत निळा पडदा. म्हणून घेताना ट्युनर न बघता एव्ही इनपुट बघा. लाल-पांढरी-पिवळी पिन लावायची जागा हवीच. आम्ही त्यात डीडी फ्री डिशचा बॉक्स लावलाय, महिन्याचं भाडं शून्य. तुमच्या सेट टॉप बॉक्सला एचडीएमआय असेल तर एचडीएमआय ते व्हीजीएचा छोटा कन्व्हर्टर याहून स्वस्त पडेल आणि चित्र चांगलं येईल. आमच्या बॉक्सला फक्त एव्ही आहे.

तर तो आवाज. फेब्रुवारीच्या शेवटी पहिल्यांदा जाणवला. कार्यक्रमात कोणी बोलायचं थांबलं की मागून घूंऽऽ, एकसारखा. मार्चमध्ये वाढला. एप्रिलमध्ये कीर्तन लावलं तर बुवांच्या आवाजाच्या खाली तो सतत. आईंच्या कानाला यंत्र आहे. एका दुपारी खोलीत गेले तर टीव्ही चालू, आवाज बंद, आणि त्या नुसत्या चित्राकडे बघत बसलेल्या. विचारलं, "आई, आवाज का बंद केलात?" तर म्हणाल्या, "राहू दे गं, ते घूं घूं डोक्यात जातं. तोंडं हलताना दिसतायत तेवढं पुरे." मला फार वाईट वाटलं. ज्यांच्यासाठी घेतला त्यांनीच आवाज बंद करून बसायचं असेल तर १४५० रुपये फुकटच गेले.

त्या दिवसापासून मी हट्टाला पेटले. दुकानदार म्हणाला, डिशवाल्याचा दोष. डिशवाला म्हणाला, ट्युनर हलका आहे. त्याने एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) बदलून बघितला, फरक शून्य, पैसे मात्र गेले. मी जुना डीव्हीडी प्लेअर त्याच पिनांना लावून बघितला तर आवाज स्वच्छ. परत सेट टॉप बॉक्स लावला की घूं. मग बॉक्सच्या मागची डिशची वायर काढली तर घूं बंद, आणि अर्थातच चित्रही बंद. आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली. चित्रातून एक फिकट आडवा पट्टा हळूहळू सरकत असायचा. तो आणि आवाज नेहमी बरोबर असायचे.

मुलाने फोनवर सांगितलं की हा ग्राउंड लूप आहे. म्हणजे असं: मॉनिटर आणि सीपीयूची तीन पिनांची वायर घराच्या अर्थिंगला जोडलेली. दुसऱ्या बाजूला डिश गच्चीवरच्या लोखंडी पाइपला, पाइप स्लॅबच्या सळ्यांना, म्हणजे तीही जमिनीलाच. दोन्ही टोकांचा विजेचा दाब सारखा नसेल तर मधल्या एव्हीच्या वायरीच्या जाळीतून थोडा प्रवाह वाहतो आणि आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आवाजात मिसळते. त्यावर आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, जी आवाज पुढे जाऊ देते पण दोन्हीकडचा जमिनीचा जोड तोडते, ती २५० रुपयांना मागवली. मी ती सीपीयूकडून येणाऱ्या आवाजाच्या वायरीवर लावली आणि काही फरक पडला नाही म्हणून महिनाभर शिव्या दिल्या. दोष माझा होता. ती सेट टॉप बॉक्सकडून येणाऱ्या लाल-पांढऱ्या वायरीवर हवी होती.

याच काळात दुकानदाराने सुचवलं की मॉनिटर आणि सीपीयूच्या प्लगची वरची जाड पिन कापून टाका, आवाज लगेच जाईल. जाईलही. पण ती पिन माणसाचा जीव वाचवायला असते. आतली वायर कधी पत्र्याला लागली तर वीज त्या पिनेतून जमिनीत जाते, ती नसेल तर हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कितीही घूं होऊ दे.

जूनमध्ये पाऊस लागला आणि आठवड्याभरात आवाज आपोआप गेला. पट्टाही गेला. मी खूश. मुलाला कळवलं की डबा उत्तम आहे, वायरी आपल्या आपण बसल्या असतील. जुलै-ऑगस्टमध्ये मुसळधार सर आली की चित्राचे चौकोन व्हायचे आणि पाच-दहा मिनिटं सिग्नल जायचा, पण डिशला ते होतंच. आईंनी त्या दोन महिन्यांत मनसोक्त टीव्ही पाहिला, आवाज चालू ठेवून. त्या दिवसांत मला विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणाले असते.

ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि घूं परत आला. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पावसात जातो, उन्हात येतो, म्हणजे डबा आणि डिश सोडून जमिनीतच काहीतरी आहे. वायरमनना बोलावलं. त्यांनी मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला फरक बघितला. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा म्हणाले. आमच्याकडे २७ होता. परसात तुळशीवृंदावनामागे अर्थिंगचा खड्डा आहे, घर बांधल्यापासून त्याच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. उकरला तर आत कोरडी ठणठणीत माती, मीठ विरघळून गेलेलं, पाइपला जोडलेली तार गंजून धाग्याएवढी उरलेली. पावसात माती ओली झाली की थोडंफार काम करत असणार, उन्हाळ्यात काहीच नाही.

तेव्हाच मला आठवलं की दोन वर्षं उन्हाळ्यात फ्रिजला ओल्या हाताने हात लावला की मुंग्या यायच्या. मी स्टॅबिलायझर जुना झाला म्हणून सोडून दिलं होतं. आई अनवाणी वावरतात, रात्री पाणी घ्यायला त्याच फ्रिजशी जातात. हे लिहितानाही अंगावर काटा येतोय.

नवी तार, कोळसा-मीठ, मजुरी मिळून १८०० रुपये लागले. ट्युनरपेक्षा जास्त. मला एक-एक रुपया मोजून खर्च करायची सवय आहे आणि या खर्चाबद्दल मला जराही खंत नाही. खड्डा भरून दोन बादल्या पाणी ओतलं, मीटरवर आकडा २ च्या खाली आला. खोलीत येऊन टीव्ही लावला. घूं नाही, पट्टा नाही. फ्रिजच्या मुंग्याही गेल्या. आयसोलेटरची डबी आता ड्रॉवरमध्ये पडून आहे, कोणाला हवी तर सांगा.

आता डब्याबद्दल उरलेलं. आमचा मॉनिटर १२८० बाय १०२४ चा, तो पर्याय डब्यात आहे आणि चेहरे बरोबर दिसतात, फक्त सेट टॉप बॉक्समध्ये चित्र ४:३ लेटरबॉक्स (वर-खाली काळ्या पट्ट्या) करून घ्या. मुलाच्या रुंद मॉनिटरवर लावून बघितला तर त्याचं रिझोल्यूशन डब्यात नाही, माणसं आडवी पसरतात. रुंद मॉनिटरवाल्यांनी दुकानातच लावून बघावं. बातम्यांच्या खालची पट्टी अडखळत सरकते, कारण आपल्या प्रसारणात चित्र सेकंदाला ५० वेळा बदलतं आणि डबा मॉनिटरला ६० वेळा देतो. त्यावर उपाय सापडला नाही, आईंना ते दिसत नाही आणि मला आता सवय झालीये. रिमोट बरा आहे. कोपऱ्यात छोटी टीव्हीची चौकट उघडून बाकीच्या पडद्यावर कॉम्प्युटर बघायची सोय मुलाला आवडली, मी एकदाही वापरली नाही.

डबा मी ठेवणार आहे. त्या दुकानातून मात्र पुन्हा काही घेणार नाही. परसातल्या खड्ड्यात दर शनिवारी एक बादली पाणी घालते. वायरमनकडून मीटर कसा धरायचा ते शिकून घेतलंय, प्लगच्या भोकांत टोकं घालताना हात धातूला लावायचा नाही एवढं नीट घोटवून घेतलंय. मे महिन्यात पुन्हा मोजणार. आकडा पाचच्या वर गेला तर कळवीन.